विश्लेषण : बर्ड फ्लूचा विषाणू माणसात सहज का पसरत नाही?

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या. तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. जालना जिल्ह्यातील परतूर आणि मंठा हे तालुके परभणीला लागूनच आहेत. दारात कोंबड्या असलेल्या घरांत अशा वेळी पहिला प्रश्न येतो : हा आजार आपल्याला होईल का? याचे उत्तर बऱ्याच अंशी विषाणूच्या एका प्रथिनाच्या आकारात दडले आहे.

विषाणू वाढतो कसा?

फ्लूचा विषाणू पेशीबाहेर वाढू शकत नाही. पेशीत शिरल्यावर आपल्या आठ जनुकीय तुकड्यांच्या प्रती काढण्यासाठी तो ‘पॉलिमरेज’ हे यंत्र वापरतो. पीए, पीबी१ आणि पीबी२ या तीन प्रथिनांचे ते बनलेले असते. हे यंत्र दोन कामे करते. कधी ते विषाणूची प्रथिने बनवण्याचे संदेश तयार करते, तर कधी जनुकांच्या प्रती काढते. काम बदलले की आकारही बदलतो. पीबी२चे काही भाग फिरून दुसऱ्या जागी बसतात.

अडते कुठे?

प्रत काढायला एकटे पॉलिमरेज पुरत नाही. एक प्रत काढते आणि दुसरे ती नवी प्रत सांभाळते. या दोघांना जोडणारा दुवा विषाणूकडे नसतो. तो पेशीतील ‘एएनपी३२ए’ या प्रथिनाकडून मिळवावा लागतो. कोंबडीतील या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो, माणसात तो नसतो. त्यामुळे पक्ष्यांना सरावलेल्या विषाणूच्या पॉलिमरेजची जोडी मानवी पेशीत नीट जुळत नाही आणि प्रती फार कमी निघतात.

मग धोका कशाचा?

पीबी२मधील ६२७ व्या स्थानावर पक्ष्यांच्या विषाणूत बहुधा ग्लुटामिक आम्ल असते. तिथे लायसिन आले, तर मानवी दुव्याशीही जुळते आणि विषाणू वेगाने वाढू लागतो. प्रती काढताना विषाणूच्या चुका होतच असतात. त्यांतून असा बदल घडू शकतो. अर्थात, एवढ्याने साथ येत नाही. माणसाच्या नाका-घशातील पेशींना घट्ट चिकटण्यासाठी विषाणूला आणखी बदल करावे लागतात. तरीही धोका शून्य नाही. २०२१ मध्येच हरियाणातील एका मुलाचा ‘एच५एन१’मुळे मृत्यू झाला.

काळजी कोणती?

राज्याला हा आजार नवा नाही. देशातील कोंबड्यांमधील ‘एच५एन१’ची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची आहे. विषाणू माणसात जितक्या वेळा शिरेल, तितकी त्याला बदलण्याची संधी मिळते. म्हणून बाधित कोंबड्या नष्ट केल्या जातात. कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, त्या उकिरड्यावर फेकू नयेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

चिकन आणि अंडी मात्र पूर्ण शिजवून खाल्ल्यास सुरक्षित असतात. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली, की विषाणूच्या प्रथिनांचा आकारच मोडतो. आकार गेला, की विषाणूची वाढही थांबते.