शिकायला परदेशी जाताना बायको-मुलं बरोबर न्यावीत का?



गळीत हंगामाच्या धामधुमीत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण गट ऑफिसात ऊसनोंदीला येणारे सभासद हल्ली बेण्या-खताइतक्याच आस्थेने पोराच्या व्हिसाची चौकशी करतात. जळगाव काय, धुळे काय, गावोगाव एखादे तरी घर असे आहे की ज्याचा मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेर आहे. त्यातली पुष्कळ मुले लग्न झालेली असतात.

असेच एक जुने सभासद. धुळ्याकडचे. सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात. त्यांचा मुलगा इंजिनियर. इंग्लंडात एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालेला. घरी सून आणि दोन वर्षांचा नातू. वजनकाट्यापाशी जिभाऊंनी आम्हाला विचारले, "पोऱ्या एकलाच जाई, का सूनले नि नातूले संगे लई जाई?" आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगून टाकले, "न्या की. तिकडे बायकोला काम करता येतं, खर्च निघून जातो."

आमची माहिती ऐकीव होती, आणि शिळी होती. १ जानेवारी २०२४ नंतर सुरू होणाऱ्या साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला इंग्लंडात बायको-मुले नेता येत नाहीत. पीएच.डी. किंवा संशोधनाची पदवी असेल, नाहीतर सरकारी शिष्यवृत्ती असेल, तरच ती सवलत आहे. एजंटाने फीचा हप्ता भरून घेतला आणि "सूनबाईंचं नंतर बघू" म्हणाला. नंतर काय बघणार? सूनबाईंनी शाळेतली नोकरी सोडलेली, नातवाचा पासपोर्ट काढलेला. मुलगा एकटाच गेला. जिभाऊ आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, पण आमचा सल्ला आम्हालाच बोचतो. म्हणून हा लेख.

प्रश्न जुनाच आहे

हा प्रश्न आजचा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला अमेरिकेला एकट्या गेल्या. नवरा गोपाळराव मागे राहिले, पुढे तेही तिकडे पोचले. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा ते हजर होते. बायको शिकणार आणि नवरा मागून जाणार, हे आपल्याकडे तेव्हाच घडून गेले आहे. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या मनोरमेला, दोन वर्षांच्या लेकीला, कडेवर घेऊनच. नवरा आदल्या वर्षी वारला होता. लेकीला कोणाकडे ठेवणार?

उलट उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली तिथून लंडनला, आणि १९२० साली पुन्हा लंडनला. ती सगळी वर्षे रमाबाईंनी मुंबईत हलाखीत संसार ओढला. बाबासाहेबांच्या पदव्यांत त्या माउलीचा वाटा किती, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे नेले तरी झीज आहे आणि ठेवले तरी झीज आहे. ती कोणाची व किती, हे आधी पाहावे.

देशोदेशीचे नियम

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या बायको-मुलांना, किंवा नवऱ्याला, एफ-२ व्हिसा मिळतो. मुलांना तिथल्या शाळेत जाता येते. पण एफ-२ वर गेलेल्या माणसाला नोकरी करता येत नाही, अगदी तासाभराचीही नाही. शिकलेली सून दोन वर्षे घरात बसेल, हे आधीच ध्यानात घ्यावे.

कॅनडात बायकोला किंवा नवऱ्याला कामाचा परवाना मिळे, म्हणून आपल्याकडची बरीच मुले तिकडे वळली. २१ जानेवारी २०२५ पासून तो परवाना निदान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, पीएच.डी.ला आणि काही ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच राहिला. आडसाली ऊस शेतात उभा राहतो तेवढा तरी कोर्स लांब हवा, असे समजा. वर्षाच्या डिप्लोमावर ते जमत नाही.

ऑस्ट्रेलियात कुटुंब नेता येते आणि जोडीदाराला कामही करता येते. पण एक गोम आहे. मागाहून न्यायचे असले तरी बायको-मुलांची नावे पहिल्याच अर्जात लिहावी लागतात. "आत्ता कशाला लिहायचं" म्हणून गाळली, की पुढे दार बंद होऊ शकते.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. मात्र बायकोला न्यायचे तर राहायला पुरेशी जागा आणि पुरेसा पैसा दाखवावा लागतो, आणि साधारणपणे तिला जर्मन भाषेची पहिली पायरी पास व्हावे लागते. पोराने प्रवेशाचा अर्ज केला, की सुनेने इकडे भाषेचा वर्ग सुरू करावा.

पैशाचा हिशेब

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी दाखवायची रक्कम विद्यार्थ्याला २९,७१० डॉलर ठरवली. बायको बरोबर असेल तर वर १०,३९४ डॉलर, प्रत्येक मुलामागे आणखी ४,४४९. फी, विमान आणि मुलाची शाळा वेगळी. तिथला डॉलर ६० रुपयांना धरला, तर एकट्या सूनबाईंचे सव्वासहा लाख होतात. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक न कापताही पावणेदोनशे टन ऊस झाला! हे फक्त खात्यावर दाखवायचे. प्रत्यक्षात किती लागतील, ते त्या गावच्या घरभाड्यावर.

कर्जाबाबत दोन गोष्टी सांगतो. एक, शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या शिक्षणाला आणि राहण्याखाण्याला मिळते, त्याच्या बायको-मुलांना नाही. त्यांचा खर्च घरातून उभा करावा लागतो. दोन, साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक बहुधा तारण मागते, आणि पुष्कळ सभासद सातबारा घेऊन जातात. पण शेतजमिनीवर बँकेला सरफेसी कायद्याखाली जप्ती आणता येत नाही. म्हणून बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. बिनशेती प्लॉट, घर किंवा ठेव मागतात. हे कळल्यावर कोणी घाईने वावर विकायला काढू नये. आधी पोर जाऊ द्या, बसू द्या. पैसा पुरतोय असे दिसले की कुटुंब न्या.

कागद आधी

आपल्याकडे घोडे अडते ते कागदावर. सुनेच्या दहावीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि लग्नाची नोंदच नाही. पत्रिका आणि फोटो परदेशी चालत नाहीत. गावात ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी होते, ती लग्नाच्या महिन्यातच करून घ्यावी. मुलाच्या जन्मदाखल्यावर 'बाळ' असे राहू देऊ नये, नाव घालून घ्यावे. काही देशांना या दाखल्यांवर केंद्र सरकारचा अपॉस्टिल शिक्का लागतो. त्याला वेळ लागतो. आणि नियम त्या देशाच्या सरकारी माहितीवरूनच पाहावेत. एजंटाच्या, किंवा आमच्यासारख्या शहाण्याच्या, तोंडावर जाऊ नये.

आणि शेवटचे

मध्यंतरी आम्ही जिभाऊंकडे गेलो होतो. कळण्याची भाकरी आणि भरीत झाले. मुलगा नीट शिकतो आहे, रात्री फोनवर नातवाला गोष्ट सांगतो. सूनबाई ठिबकाचा व्हॉल्व्ह फिरवून आल्या होत्या. आम्ही चुकीची कबुली दिली. त्या म्हणाल्या, "तुमचं एकट्याचं नाही हो. न्यायचं का ठेवायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर म्हटलं असतं, व्हिसा हातात येईपर्यंत माझी नोकरी राहू द्या."

आम्ही देशोदेशीचे नियम गोळा केले, पण सगळ्यात शहाणपणाचा सल्ला त्या घरातच होता. पुढच्या खेपेला तुमच्या घरी ही बैठक बसेल तेव्हा सुनेला, आणि मुलगी शिकायला जात असेल तर जावयाला, आधी जवळ बसवा. जाणाऱ्याइतकाच मागे राहणाऱ्याचाही तो निर्णय आहे.