फळ्याला पाय फुटतात तेव्हा

वर्तमानपत्र घरी येते, आणि नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते. हा भेद आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. फळ्यापाशी आपल्याला जावे लागते, आणि ज्या दिवशी आपण गेलो नाही नेमकी त्याच दिवशी नोटीस लागते! संकेतस्थळे आली तरी फळा तो फळाच राहिला. तो घरबसल्या दिसू लागला, एवढेच. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली म्हणजे मुलाचे एक वर्ष जाते. मग ‘नोटीस जाहीर केली होती’ हे उत्तर खरे असले तरी त्याचा उपयोग काय?

ह्या फळ्याला पाय फोडणारी जी सोय आहे तिला ‘फीड’ म्हणतात. संकेतस्थळ आपल्या पानांबरोबर एक साधी यादी ठेवते. तीत बहुधा प्रत्येक बातमीचा मथळा, थोडका मजकूर, प्रसिद्धीची वेळ आणि मूळ पानाचा पत्ता असतो. आपल्या फोनवर ‘फीड रीडर’ घ्यावयाचा आणि त्याला अशा याद्यांचे पत्ते द्यावयाचे. तो ठराविक वेळाने प्रत्येक यादीकडे जाऊन विचारतो, मागच्या खेपेनंतर काही नवे आहे काय? नसेल तर पलीकडचा संगणक ‘३०४’ एवढा आकडा पाठवू शकतो. ‘बदल नाही’ असा त्याचा अर्थ. मासिकाच्या वर्गणीदाराला निदान आपले नावगाव कळवावे लागते. येथे यादीवाल्याला तेवढेही सांगावे लागत नाही.

ही युक्ती १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत निघाली. तिच्या कर्त्यांपैकी रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. पुढे २००२ मध्ये ‘आरएसएस २.०’ आणि २००५ मध्ये ‘अ‍ॅटम’ असे तिचे दोन नमुने रूढ झाले. गूगलने आपला लोकप्रिय रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद केला तेव्हा फीड संपली असे पुष्कळांनी म्हटले. आम्हांला ते पटत नाही. पेपर टाकणारा मुलगा बदलला म्हणून वर्तमानपत्र बंद पडत नाही. आपल्या याद्यांचे पत्ते एका फायलीत भरून दुसऱ्या रीडरकडे नेता येतात. शिवाय पॉडकास्टचे नवे भाग आजही बहुतांशी आरएसएसवरूनच पोचतात.

आमच्या मते फीडचा खरा गुण वेगळाच आहे. समाजमाध्यमावर काय आधी दिसावे हे बव्हंशी दुसरा कोणी ठरवितो. येथे निवड आपली, आणि क्रम सामान्यतः काळाचा. पण निवडीचा भारही मग आपल्यावरच येतो. पन्नास वर्तमानपत्रांच्या फीड घेऊन बसणाऱ्याला चार दिवसांत त्यांचा वीट येईल. रिझर्व्ह बँक, पत्र सूचना कार्यालय, एखादे विश्वासाचे दैनिक, अशा दहाबारा पुरेत.

तारखांच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. फीडमध्ये तारखेचा जो रकाना असतो तो प्रसिद्धीच्या तारखेचा. अर्जाची अखेरची तारीख मजकुराच्या पोटात दडलेली असते. रीडर ती ओळखून आठवण करील अशी आशा धरू नये. त्यासाठी फीडचे एक भावंड आहे, ‘आयकॅलेंडर’. त्याची नियमावली १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. त्यात प्रसंग कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे स्वतंत्र लिहिलेले असते. अशा दिनदर्शिकेचा पत्ता एकदा फोनला दिला की तारखा आपोआप येतात, आणि पुढे ढकललेली तारीख काही वेळाने आपली आपणच सुधारते. फाईल एकदाच उतरवून घेतली तर मात्र हे होत नाही. पत्त्याची वर्गणीच लावावी लागते.

अर्थात जी कचेरी कागदाचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर टांगते आणि यादी ठेवतच नाही, तिच्यापुढे ह्या साऱ्याचा इलाज थोडा. तेथे जाऊन पाहणे आलेच. पण व्याख्यानमाला, वाचनालये, शाळा यांना हे अवघड नाही, आणि दिनदर्शिका तयार करणारी पुष्कळ साधने विनामूल्य आहेत. वक्त्याची गाडी चुकून व्याख्यान दुसऱ्या दिवसावर गेले तर कार्यवाहांनी एका ठिकाणी तारीख बदलावी. वेळेवर बदलली, तर श्रोत्यांना बंद दारापर्यंत येऊन परत फिरावे लागणार नाही.