ओल वेगळी, दमट हवा वेगळी

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटेखानी अजगर. अमेरिका-युरोपात तो पुष्कळ घरांत पाळतात. ‘गवताळ, रखरखीत भागातला साप, त्याला दमट हवा कशाला?’ हा त्याच्याबद्दलचा घट्ट रुजलेला गैरसमज. भाग कोरडा असला, तरी हा दिवसभर पडून असतो उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच दमट असते. म्हणून त्याच्या पेटीत आर्द्रता साधारण ५५ ते ७० टक्के ठेवतात, कातीच्या दिवसांत थोडी जास्त. हाच आकडा सरसकट सगळ्या सापांना लावू नये. कॉर्न स्नेकचं ४० ते ६० टक्क्यांत भागतं.

(आपल्याकडे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनचीही सरकारदरबारी नोंद लागते.)

खोलीत दमटपणा आहे, म्हणजे पेटीतही असणार, असं धरून चालणारे पुष्कळ. पण खोलीतली २० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीतल्या दिव्याने ३२ अंशांवर नेली की वाफेचा कणही कमी न होता आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरते. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, म्हणून. त्यात झाकण जाळीचं असेल तर आहे तो ओलावाही वर निघून जातो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात तर विचारूच नका.

मग माणसं फवारणीची बाटली उचलतात. आर्द्रतामापकाचा काटा झटकन चढतो, थोड्या वेळात पुन्हा खाली येतो, आणि मागे राहतो तो चिकचिकाट. ओल्या तळावर सतत पडून राहिलं की पोटाचे खवले सडू लागतात. त्यापेक्षा कोकोपीटचा जाड थर द्यावा आणि कोपऱ्यातून पाणी ओतावं. खालचा थर ओला, वरचा कोरडा. जाळीचा बराचसा भाग झाकावा, सगळा नव्हे. हवा पूर्ण कोंडली की बुरशी धरते, आणि कोंदट ओलीत सापाच्या छातीचं दुखणं बळावतं. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे ही त्याची लक्षणं.

काचेला चिकटवलेल्या स्वस्त काट्याच्या मापकावर माझा तरी भरवसा नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, भिजल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि मापकासकट प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ६८ दिसलं तर मापक सात कमी दाखवतंय.

कात तुकड्यातुकड्यांनी निघाली की बहुतेकदा हवा कोरडी पडलेली असते. तेव्हा ती ओढून काढणं हा शहाणपणा नव्हे. कोमट ओल्या टॉवेलसह सापाला भोकं असलेल्या डब्यात थोडा वेळ ठेवलं की ती सुटते. डोळ्यावरच्या टोपीला तर हातच लावू नका. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि जुनी टोपी खेचताना त्यालाच इजा होऊ शकते. पुढच्या कातीतही ती निघाली नाही, तर पशुवैद्याकडे न्या.