बैलगाडीचे चाक कसे घडते?

बालमित्रांनो, बैलगाडीचे चित्र आपण सगळेच काढतो. चित्रातले चाक म्हणजे एक गोल आणि आत चार रेघा! खऱ्या चाकात मात्र बहुधा 1 तुंबा, 12 आरे आणि 6 पुठ्ठे असतात. लाकडाचे हे 19 तुकडे निखळत कसे नाहीत, ते आज पाहू.

मधला जाड ठोकळा म्हणजे तुंबा. सुतार त्याला पटाशीने खाचा पाडतो आणि एकेक आरा ठोकून बसवतो. आऱ्यांची बाहेरची टोके पुठ्ठ्यांत, म्हणजे कडेच्या वक्र तुकड्यांत जातात. एका पुठ्ठ्यात दोन आरे. (हा पुठ्ठा वहीचा नव्हे!) लाकूड बहुतेक बाभळीचे, कारण ते चिवट आणि शेताच्या बांधावरच मिळणारे. पण ते चांगले वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते आणि चाक खिळखिळे होते. भरल्या गाडीखाली असे चाक मोडले, तर माणसाच्या आणि बैलांच्याही जिवावर बेतते.

खरी गंमत लोहाराच्या कामात आहे. चाकावर बाहेरून चढवायच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. लोहार ती मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करतो! मग गोवऱ्या रचून ती तापवतात. तापले की लोखंड वाढते. दीड मीटर व्यासाचे चाक धरा: धाव सुमारे 4.7 मीटर लांब होईल, आणि तापमान 500 अंश सेल्सिअसने वाढले की ती जवळजवळ 3 सेंटीमीटरने वाढेल. तीन-चार जण ती लाल धाव सांडशांनी उचलून चाकावर ठेवतात, घणाने ठोकतात. लाकूड धुमसू लागते, आणि लगेच पाणी ओततात. धाव आवळते, सगळे सांधे करकचून बसतात.

सुतार आणि लोहार दोघेही बलुतेदार. वर्षभराच्या कामाबद्दल शेतकरी त्यांना सुगीत धान्य देत. रबरी टायरच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आले, तसे हे काम फार कमी झाले. (मुंबईत सैर घडवणाऱ्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, पण तो निराळा विषय.)

आसाला वंगण द्यायला गाडीला बांबूचा एक नळा टांगलेला असे. गाडी यात्रेला निघाली की तोही आयताच जाई. म्हणून म्हणतात, 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा'!

चाकाच्या भागांची नावे जिल्ह्यागणिक बदलतात. आजी-आजोबांशी फोनवर बोलाल तेव्हा त्यांच्या गावचे शब्द विचारून ठेवा. पुढच्या वर्गात आम्ही फळ्यावर मोठे चाक काढू. नावे तुम्ही लिहायची.