बल्ब बदलला, समुद्रही बदलला

घरातला ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला, तर उजेड जवळपास तेवढाच राहतो आणि दिवसाला पाच तास वापर धरला तरी वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडचा १२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प कोळशावर चालतो. त्या गावाला ही बचत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेल्या याच बंदरात ‘एलईडी’ हा शब्द काढला की पारंपरिक मच्छीमाराच्या कपाळावर आठी पडते. त्याचं कारण दिव्याच्या रचनेतच आहे.

जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडीत अर्धवाहकाच्या जोडावर थेट प्रकाश निर्माण होतो. लाल एलईडी १९६२मध्येच साधला होता, पण भरपूर प्रकाश देणाऱ्या निळ्यासाठी आणखी तीसेक वर्षं गेली. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचे चांगल्या प्रतीचे स्फटिक वाढवून तो घडवला. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी आतून निळाच असतो. त्यावरचा पिवळा फॉस्फर त्याला पांढरा करतो.

दिव्याचा हा रंग समुद्रात महत्त्वाचा ठरतो. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. निळा खोलवर जातो, किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात हिरवा अधिक पोचतो. उजेडाभोवती प्लवक जमतात, त्यांच्यामागे तारली, बांगडा, माकूळ येतात. अवसेच्या काळोखात तर ही ओढ फारच वाढते. पूर्वी मासे असे ओढून घेण्यासाठी एकेक-दोनदोन किलोवॉटचे मेटल हॅलाइड दिवे नौकेवर टांगत आणि त्यांना अवजड डिझेल जनरेटर लागे. एलईडीला त्याच्या निम्म्याच्या आसपास वीज पुरते, रंग निवडता येतो आणि दिवा सरळ पाण्यात सोडता येतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५मध्ये कोळशाबद्दल दाखवून दिलं होतं, की इंजिनं काटकसरी झाली तसा कोळशाचा एकूण खप वाढला. इथेही तसंच झालं: वाचलेल्या डिझेलचा आणखी उजेड झाला आणि त्या उजेडात पर्ससीन जाळ्याने अख्खा थवा, लहान पिल्लांसकट, वेढला जाऊ लागला.

केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७च्या आदेशाने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशी दिव्यांच्या उजेडातली मासेमारी बंद केली. राज्याच्या बारा सागरी मैलांतही तिला मनाई आहे. ही बंदी मला योग्य वाटते, आणि ती कागदावर न राहता रात्रीच्या गस्तीत दिसायला हवी. अंडी घालण्याआधीच पकडलेल्या माशाची भरपाई कुठलंही अनुदान करू शकत नाही.

दिव्याची शक्ती किती आणि तो कशासाठी लावला, यावर सगळं ठरतं. पेरूच्या सेचुरा उपसागरात गिलनेटवर छोटे हिरवे एलईडी लावून पाहिले, तेव्हा जाळ्यात अडकणारी हिरवी समुद्री कासवं ६४ टक्क्यांनी घटली आणि मासळी मात्र कमी झाली नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. संशोधकांनी सरकारच्या परवानगीने, इथल्या मच्छीमारांना सोबत घेऊन, हा प्रयोग जयगडच्या पाण्यात करून पाहावा.