विश्लेषण : शिडाच्या बोटीचा कील निखळतो कसा?

मे २०१४. कॅरिबियनमधील अँटिग्वाहून इंग्लंडमधील साउदॅम्प्टनकडे परतणारी ‘चीकी रफीकी’ ही शर्यतीची शिडाची बोट अटलांटिकमध्ये उलटली आणि चार ब्रिटिश खलाशांचा बळी गेला. बोटीत पाणी येत असल्याचे त्यांनी आदल्या दिवशी कळवले होते. ते कुठून येते, हे मात्र सापडले नव्हते. आठवडाभराने अमेरिकी नौदलाच्या जहाजाला बोट पालथी तरंगताना दिसली. तिला कीलच नव्हता.

कील म्हणजे काय?

बोटीच्या तळाला खाली बोल्टने घट्ट बसवलेले, टनावारी वजनाचे धातूचे पाते. वारा शिडाला आडवे करू पाहतो, हे वजन बोटीला उभे ठेवते. ते निखळले की बोट सावरत नाही.

दुरुस्ती झाली होती, तरीही...

ही बोट २००६ मध्ये बांधलेली होती. ती याआधी उथळ पाण्यात तळाला लागली होती आणि दुरुस्तही झाली होती. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१५ च्या अहवालात म्हटले, की हे धक्के आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने बोटीची रचना कमकुवत झाली असावी.

मेख बांधणीत आहे. फायबरग्लासच्या अनेक बोटींत तळाला बळकटी देणारी जाळीसारखी चौकट वेगळ्या साच्यात तयार करून आत चिकटवतात. काम झटपट होते, खर्च वाचतो. कील खडकावर आदळला, की त्याचा पुढचा भाग खाली ओढला जातो आणि मागची कड तळात वर घुसू पाहते. या ताणाने चौकटीचा चिकटलेला जोड सुटू शकतो. बाहेर फक्त ओरखडा दिसतो. तो भरून, रंग दिला की बोट नवी! आतला जोड मात्र चौकटीखाली झाकलेलाच राहतो. तो तपासायचा कसा आणि सुटला तर दुरुस्त कसा करायचा, यावर जाणकारांतही एकमत नसल्याचे तपासात दिसले.

त्यात बोल्टची भर. स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज इथे महागात पडतो. ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या फटीत खारे पाणी साचून राहिले, तर तेही आतून पोखरले जाते.

मुंबईची ‘सुहेली’ कशी वाचली?

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत बांधलेल्या सागवानी ‘सुहेली’तून. तिचाही जोड सुटला होता, तोही तळाशी, फळी जिथे कण्याला मिळते तिथे. पण लाकडी बोटीची फट बाहेरून दिसते. त्यांनी समुद्रात बुडी मारून फटीवर कापूस व कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि प्रवास पूर्ण केला. चिकटवलेल्या चौकटीत ही सोय नाही.

जुनी बोट घेताना काय पाहावे?

बोट पाण्याबाहेर काढून कील जिथे तळाला मिळतो, त्या रेषेवर, विशेषतः मागच्या कडेला, तडे शोधावेत. आत बोल्टभोवती गंजाचे ओघळ आहेत का, चौकटीवर हातोडीने हलके ठोकल्यास पोकळ आवाज येतो का, हेही पाहावे. बोट कधी तळाला लागली होती का, हा प्रश्न विकणाऱ्याला थेट विचारावा. ‘किरकोळच लागली होती’ असे उत्तर मिळाले, तर सर्व्हेअरला बोलवावे. अहवालानुसार किरकोळ वाटणारा धक्काही चौकट सोडवायला पुरेसा ठरू शकतो.