डुलत्या खुर्चीच्या मोटारी

जमिनीवर बसून विमान चालविण्याचा अनुभव देणारें यंत्र अमेरिकेंतील एडविन लिंक यांनीं १९२९ सालीं तयार केलें. वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यांत काम केलेल्या या गृहस्थांनीं तें हवेच्या भात्यांवर हालविलें. आज हौशी मुलें तसलें यंत्र घरीं करतात. भात्यांच्या जागीं गाडीची कांच पुसणाऱ्या वायपरच्या १२ व्होल्टच्या मोटारी असतात. संगणकाच्या पडद्यावर गाडी वळली कीं खुर्ची कलते. माझ्या नातवानें अशी खुर्ची केली, आणि पहिल्याच आठवड्यांत तिचे दोन ड्रायव्हर जळाले.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाची क्षीण आज्ञा घेऊन मोटारीस जबर प्रवाह पुरविणारी लहानशी पाटी. तिच्या जाहिरातींत ‘४३ अँपियर’ असें होतें. इतका प्रवाह ती निरंतर वाहील असा त्याचा अर्थ नव्हे. त्या सुमारास आंतील चिप स्वतःच प्रवाहास आवर घालूं लागते, इतकेंच.

आतां जळण्याचें कारण. मोटारीच्या वेटोळ्यांचा रोध ०.४ ओहम धरला, तर ती थांबलेली असतांना १२ व्होल्टांवर ३० अँपियर प्रवाह वाहतो. फिरूं लागल्यावर ती स्वतःच उलट दाब निर्माण करते व प्रवाह घटतो. परंतु भरवेगांत दिशा एकदम पालटली, कीं तोच दाब पुरवठ्यास सामील होतो आणि प्रवाह ६० च्या घरांत जाऊं पाहतो. शिवाय वेग आवरतांना मोटार जनित्र बनून वीज परत पाठविते. बॅटरी ती पोटांत घेते. जुन्या संगणकांतून काढलेला पुरवठ्याचा डबा घेत नाहीं. दाब चढतो, चिप जाते. फ्यूज तिला वांचवीत नाहीं. तो सावकाश वितळतो, व त्याचें काम तारा पेटूं न देणें हें आहे.

म्हणून ड्रायव्हरच्या अगदीं लगत मोठा कपॅसिटर, आंखूड व जाड तारा, प्रत्येक मोटारीस निराळा फ्यूज, आणि दिशा पालटण्याची आज्ञा पायरीपायरीनें. खुर्चीची स्थिती सांगणाऱ्या बारीक तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात. आमच्या त्या शेजारींच होत्या. खुर्ची उगीच थरथरे, आणि आम्ही प्रोग्रॅमास दोष देत बसलों.

जळालेली चिप पुष्कळदा आंतून जोडलेलीच राहते. मग संगणक ‘थांब’ म्हणाला तरी मोटार टोंकापर्यंत धांवूं शकते. यासाठीं बसणाऱ्याच्या हाताशीं लाल बटण हवें, आणि त्यानें संगणक नव्हे, मोटारींचा पुरवठाच तोडला पाहिजे. आमचा दुसरा ड्रायव्हर गेला तेव्हां खुर्चींत धाकटी नात होती. खुर्ची एका कुशीवर आदळली. पोरीच्या कोपरास खरचटलें, तेवढ्यावर भागलें. त्याच सायंकाळीं मीं स्वतः बाजारांत जाऊन बटण आणलें.